आमच्या घरी हेच आहे

फर्निचरच्या त्या शोरूममध्ये तीन सेल्समन होते. एकाला गिऱ्हाईक आत येताना दिसलं, की नेमकं गोदामातलं काहीतरी काम आठवायचं. दुसरा गिऱ्हाइकाशी इतकं खरं बोलायचा, की गिऱ्हाईक त्याचे मनापासून आभार मानून रिकाम्या हातानं परत जायचं. तिसरा मात्र माल विकायचा. त्याच्याकडे कसलीही जादू नव्हती, एक वाक्य होतं. गिऱ्हाईक पलंगाच्या कडेवरून बोट फिरवत घुटमळू लागलं, नवरा-बायकोनं एकमेकांकडे बघून 'घरी जाऊन विचार करू' असा चेहरा केला, की तो इकडेतिकडे बघायचा, आवाज खाली आणायचा आणि मालकाला चोरून सांगतोय अशा बेतानं म्हणायचा, "खरं सांगू? आमच्या घरी हेच आहे."

पलंग असो, कपाट असो, चपलांचा स्टँड असो, वाक्य तेच. अठरा वर्षांतली ही सगळी वाक्यं खरी धरली, तर त्याच्या दोन खोल्यांत निदान सतरा पलंग, नऊ सोफे आणि बारा माणसांचं एक गोल जेवणाचं टेबल असायला हवं होतं. घरात माणसं तीन. शोरूममधली मंडळी त्याला 'आमच्याघरी' म्हणूनच ओळखत. "आमच्याघरी आज सुट्टीवर आहेत," असं कुणी म्हटलं, की नव्या माणसाला वाटायचं, बोलणाऱ्याच्या घरी काहीतरी कार्य आहे.

वस्तुस्थिती अशी होती, की त्याच्या घरी शोरूममधला एक स्क्रूसुद्धा नव्हता. घरात जे काही लाकडी होतं ते सगळं बायकोनं केलेलं होतं, आणि तेही कचऱ्यातून.

बायको काचेच्या गोदामात कामाला होती. तावदानं, आरसे, कसल्याकसल्या बरण्या लाकडी खोक्यांत भरून तिथं येत. आतल्या मालाला धक्का न लावता ती खोकी उघडायची, हे तिचं काम. तिच्या हातून काच तडकल्याचं गोदामात कुणाला आठवत नव्हतं. त्यासाठी तिच्याकडे एक कटावणी होती. कटावणी हा शब्द बाकीची दुनिया फक्त घरफोडीच्या बातमीत वाचते. हिची ती रोज भाजीच्या पिशवीतून ये-जा करायची. खोकं उघडलं की काच आत जायची आणि लाकूड मागच्या आवारात, कचरागाडीची वाट बघत. चांगलं बोटभर जाडीचं, सरळ, राळेचा वास येणारं पाइनचं लाकूड. कामाला लागल्यावर पहिल्याच वर्षी तिनं मुकादमाला विचारलं होतं, हे नेऊ का. न्या की, कचराच आहे, असं मुकादम म्हणाला होता. तेवढ्या एका वाक्यावर तिनं संसार उभा केला. नवऱ्यानंही एका वाक्यावरच उभा केला होता. फरक इतकाच, की तिचं वाक्य खरं होतं.

रोज संध्याकाळी सायकलच्या कॅरिअरला दोन-तीन फळ्या बांधून ती घरी यायची. आधी अंबुरानं खिळे उपटायचे. वाकडे खिळे लोखंडाच्या तुकड्यावर ठेवून हातोडीनं सरळ करायचे आणि लांबीप्रमाणे डब्यांत टाकायचे. मग फळीवर पेन्सिलीनं एकच शब्द लिहायचा: 'लागेल'. म्हणजे आज काम नाही, पण पुढं लागेल. असल्या फळ्या भिंतीला टेकून होत्या, दाराआड होत्या, माळ्यावर होत्या, पलंगाखाली होत्या. नवरा डोळ्यांत साबण घेऊन न्हाणीघरातून टॉवेल शोधत बाहेर यायचा, त्यामुळे 'लागेल' या शब्दाचा दुसरा अर्थ त्याच्या नडग्यांना चांगला पाठ झाला होता.

या फर्निचरमध्ये खोट अशी एकच होती. ते बोलायचं. खोक्यांवर जाड काळ्या अक्षरांत सूचना छापलेल्या असत. रंधा मारून त्या काढता आल्या असत्या, पण बायकोचं म्हणणं असं, की रंध्यानं लाकूड झिजतं, वाचल्यानं झिजत नाही. त्यामुळे जेवणाच्या टेबलावर 'आत काच आहे' असं लिहिलेलं होतं. चपलांच्या फळीवर 'कोरड्या जागी ठेवा'. स्टुलावर 'यावर वजन ठेवू नये'. कपाटाच्या दारावर 'ही बाजू वर', आणि तेही उलटं, कारण बिजागऱ्या त्या बाजूला बसत होत्या. खुद्द नवरा-बायकोच्या पलंगाला उशाकडून 'नाजूक माल' आणि पायथ्याकडून 'सावकाश उतरवा'. मुलगी बाराखडीच्या आधी 'सावकाश' वाचायला शिकली. पहिलीत शिक्षिकेनं 'न'वरून शब्द विचारले तेव्हा सगळ्या वर्गानं नळ, नख, नदी सांगितलं. हिनं 'नाजूक माल' सांगितलं.

पलंग मात्र बघण्यासारखा होता. त्याला ना खिळा ना स्क्रू. खाचेत खाच अडकवलेली आणि वरून चार लाकडी पाचरी. पाचरी काढल्या की पाच मिनिटांत सुटा, ठोकल्या की पाच मिनिटांत उभा. बारा वर्षांत तो एकदाही करकरला नव्हता. ते काम नवऱ्याकडे होतं.

शोरूममधल्या कुणाला त्यानं कधी घरी बोलावलं नाही. विषय निघाला की तो सांगायचा, सध्या रंगकाम चालू आहे. रंगकामाला अकरा वर्षं झाली होती. बायकोला ते वाक्य ठाऊक होतं. एकदा किल्ली द्यायला ती शोरूममध्ये गेली असताना तिनं ते कपाटाआडून ऐकलं होतं. घरी आल्यावर तिनं शांतपणे विचारलं, आपलं गोल टेबल कुठं आहे? धंद्याची भाषा असते ती, असं त्यानं सांगितलं. तिनं वाद घातला नाही. मात्र त्या दिवसापासून ताट वाढताना ती म्हणायची, "जरा सरका हो, गोल टेबलाला कोपरा लागतोय."

हे असंच चालू राहिलं असतं. पण एक दिवस मालकानं तिघांना बोलावून सांगितलं, की तीन माणसं जरा जास्त होतात, पुढच्या महिन्यापासून दोन पुरतील. कोणती दोन, हे सांगितलं नाही. लपणारा जास्तच मन लावून लपू लागला. खरं बोलणारा खोट्याचा सराव करू लागला, पण मधेच त्याला हसू यायचं. आमच्याघरींनी अठरा वर्षं तीच नोकरी केली होती. पलंग विकण्यापलीकडे त्यांना काही येत नव्हतं, आणि वयही असं, की नव्या दुकानात मुलाखतीला गेले तर लोक मालक समजून पाणी देतील.

त्याच आठवड्यात मुलींच्या वसतिगृहाच्या बाई आल्या. चाळीस पलंग हवे होते. मालक स्वतः खुर्चीतून उठला, हे दृश्य नोकरांनी बऱ्याच वर्षांनी पाहिलं. बाई पूर्वी शाळेत गणित शिकवायच्या. पलंग तपासायची त्यांची एक रीत होती: बसायचं, उठायचं, बसायचं, उठायचं, असं तीनदा. एकदा बसल्यावर कुठलाही पलंग चांगलाच वाटतो, असं त्यांचं मत. तीनदा बसून झाल्यावर त्या म्हणाल्या, नवं काय, सगळंच चकाकतं. मला दहा वर्षं वापरलेला दाखवा.

मालकानं आमच्याघरींकडे पाहिलं. त्या नजरेत तिनातून एक वजा केलेला होता. त्यांनी सवयीनं इकडेतिकडे बघितलं, आवाज खाली आणला. "खरं सांगू बाई? आमच्या घरी हेच आहे. बारा वर्षं झाली."

या वाक्यावर आजवर लोक मान डोलवत आले होते. बाई म्हणाल्या, "मग बघायला कधी येऊ?"

अठरा वर्षांत हे कुणाला सुचलं नव्हतं. तो पुढचं वाक्य शोधू लागला. तोवर मालकच दुसऱ्याच्या घराचा यजमान होऊन बोलून गेला, की रविवारी या, दहा वाजता. बाई गेल्यावर त्यानं याच्या खांद्यावर हात ठेवला. हे चाळीस गेले, तर मला ठरवायला सोपं जाईल, असं तो म्हणाला. न गेले तरीही सोपंच जाणार होतं, हे दोघांनाही कळलं.

घरी बायको खिळे सरळ करत बसली होती. त्यानं उभ्या उभ्या सगळं सांगितलं. शोरूममधला एक पलंग मेव्हण्याच्या नावावर आणायचा, पुढच्या खोलीत मांडायचा, आपलं सगळं आतल्या खोलीत कोंबायचं आणि मधलं दार लावून घ्यायचं, असा त्याचा बेत होता.

बायकोनं एक खिळा डोळ्यासमोर धरून सरळ झालाय का ते बघितलं. "आणाल हो. पण बारा वर्षांचा दिसेल का तो?"

हा विचार त्यानं केलाच नव्हता. जन्मभर तो नवं विकत आला होता. जुनं कसं करतात, हे त्या धंद्यात कुणी शिकवत नाही.

शुक्रवारी पलंग आला आणि शनिवारी सकाळी त्यानं त्याला जुना करायला घेतलं. कडेवर उकळत्या चहाचा कप ठेवला. पायथ्याला ओला टॉवेल टाकून ठेवला. मुलीला वर चढून उड्या मार म्हणाला. मुलगी संशयानं बघत राहिली. आपल्या पलंगावर मारल्या तर ओरडता आणि, असं म्हणून तिनं मारल्या. मग तो शोरूमला गेला आणि दिवसभर त्याला धास्ती वाटत राहिली, की एवढ्यानं भागेल का, अजून काय करावं. रविवारी सकाळी बघतो तर कपाखालचा चकचकीत पापुद्रा फोडासारखा वर आलेला. टॉवेलाखालची कड गालगुंड झाल्यागत सुजलेली. मधला तळ बोटभर खाली गेलेला. बारा वर्षांचा दिसायला त्या पलंगाला एक दिवस पुरला होता.

बायकोनं सुजलेल्या कडेला नख लावलं. चिमूटभर भुसा बोटावर आला. "यात लाकूड कुठंय हो?"

"इंजिनिअर्ड वूड आहे ते," तो म्हणाला. "लाकूडच, पण शिकलेलं."

"शिकता शिकता भुसा झालाय बिचाऱ्याचा."

बाई दहाच्या ठोक्याला आल्या. खोलीत बसायला दुसरं काही नव्हतंच, त्या थेट पलंगावर बसल्या. तीनदा बसल्या, तीनदा उठल्या. सुजलेल्या कडेवरून हात फिरवला, फोडाकडे वाकून पाहिलं. बाई सरळ झाल्या आणि म्हणाल्या, "बारा वर्षांत एवढंच?"

वसतिगृहातल्या मुली दोन वर्षांत नळाच्या तोट्या उपटतात, असं त्यांनी सांगितलं. मग त्या बायकोकडे वळल्या. तुमची काही तक्रार?

बायको खोटं बोलत नसे. वाकडा खिळा ती सरळ करायची, सरळ खिळा वाकडा करायची तिला सवय नव्हती. नवऱ्यानं डोळ्यांनी केलेल्या सगळ्या विनवण्या तिनं पाहिल्या आणि ती म्हणाली, "या पलंगावर आजपर्यंत कुणाची झोप मोडलेली नाही."

ते अक्षरशः खरं होतं. त्यावर कुणी झोपलंच नव्हतं. बाई समाधानानं गेल्या, आणि सोमवारी चाळीस पलंग.

महिनाअखेरीला लपणाऱ्याला मालकानं शोधून काढलं आणि निरोप दिला. आमच्याघरींची नोकरी पक्की झाली. इथं गोष्ट संपायला हरकत नव्हती, पण मालकाचं डोकं चालू लागलं. ज्या घरानं चाळीस पलंग विकले त्या घराला रविवारची तरी सुट्टी कशाला, असं त्याला वाटलं. जे कोणी गिऱ्हाईक घुटमळेल त्याला तो सांगू लागला, रविवारी आमच्या माणसाच्या घरी जाऊन या, दहा ते एक.

पलंग तर परत देता येण्यासारखा राहिलाच नव्हता. तो पुढच्या खोलीत मुक्कामाला आला. मुलगी त्याला 'रविवारचा पलंग' म्हणायची. आतल्या खोलीत टेबल, स्टूल, कपाट, खरा पलंग, फळ्या आणि तीन माणसं. दर रविवारी तीन तास मधलं दार बंद आणि बायको-मुलगी आत, 'सावकाश उतरवा' वाचत. त्याचं वाक्य आता खरं झालं होतं. त्याच्या घरी खरोखर तेच होतं. अठरा वर्षं खोटं बोलून मिळालेलं सुख खरं झाल्याबरोबर गेलं. एकदा बायकोनं त्या पलंगाभोवती कटावणी घेऊन दोन फेऱ्या मारल्या, इथं तिथं ठोकून ऐकलं आणि कटावणी पिशवीत ठेवली. "यातून काही निघत नाही," ती म्हणाली. तिच्या तोंडून कुठल्याही वस्तूबद्दल हे वाक्य त्यानं प्रथमच ऐकलं.

आठ महिने गेले. एका रविवारी शेवटचं गिऱ्हाईक जाऊन जेमतेम दहा मिनिटं झाली होती. त्यानं टाय सैल केला होता. दारात वसतिगृहाच्या बाई. त्यांनी पर्समधून एक पाकीट काढून हातात धरलं. वर मालकाचं नाव होतं. चाळीसपैकी अकरा पलंगांचे तळ बसले होते; पत्रात ते होतं, आणि हा पलंग दाखवून आपल्याला माल कसा गळ्यात मारला तेही.

"उद्या द्यायचं आहे हे," बाई म्हणाल्या. "म्हटलं, त्याआधी तुमचा एकदा बघून यावा. तुमचा बारा वर्षं टिकला, माझे आठ महिने. म्हणजे एकतर माझ्या मुली फार वाईट, नाहीतर तुम्ही फार चांगले."

त्याची जीभ सवयीनं चालू लागली. हवेतला दमटपणा, मुलींचं वय, गाद्यांचं वजन. बाई ऐकत ऐकत पलंगाकडे गेल्या आणि बसायला वाकल्या.

मधल्या दाराआडून बायकोचा आवाज आला. "बाई, त्यावर नका बसू. लागेल."

या खेपेला तो शब्द दुसऱ्या अर्थानं होता. दार उघडलं, बायको स्टूल घेऊन बाहेर आली आणि तिनं ते बाईंपुढं ठेवलं. बाईंनी चष्मा नीट करून वाचलं: 'यावर वजन ठेवू नये'.

"पलंगावर बसू नका असं तुम्ही म्हणता, आणि यावर बसू नका असं हे स्टूल म्हणतंय. ऐकू कुणाचं?"

"स्टुलाचं मनावर घेऊ नका," बायको म्हणाली. "ते काचेबद्दल बोलतंय."

बाई बसल्या. उठल्या. बसल्या. तीनदा. स्टुलानं हूं की चूं केलं नाही. मग त्यांनी एकदा सुजलेल्या पलंगाकडे पाहिलं, एकदा अर्धवट उघड्या दाराकडे, आणि विचारलं, "मग तुम्ही झोपता कुठं?"

बायको एका शब्दानं सांगू शकली असती. नुसतं दार ढकललं असतं तरी पुरलं असतं. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. दाराच्या फटीतून मुलगीही बघत होती. बाईंच्या हातात पाकीट होतं आणि पाकिटात त्याची अठरा वर्षं. त्याच्या डोक्यात तीन-चार वाक्यं तयार होती, सगळी चालण्यासारखी. त्यानं सवयीनं इकडेतिकडे बघितलं, सवयीनं आवाज खाली आणला.

"खरं सांगू बाई?" तो म्हणाला, आणि थांबला. "आमच्या घरी हे नाही."

'खरं सांगू' या शब्दांपुढं खरं यायची ती पहिलीच वेळ. त्याला स्वतःलाच ते चमत्कारिक वाटलं असावं, कारण तो पटकन पलंगावर बसला, आणि कुठं बसलोय हे ध्यानात येऊन तितक्याच पटकन उठला.

आतल्या खोलीत बाई उत्तरपत्रिका तपासाव्यात तशा एकेक वस्तू वाचत गेल्या. उलट्या 'ही बाजू वर'पाशी त्यांनी मान वाकडी करून वाचलं. पलंगावर तीनदा बसल्या. बायकोनं एक पाचर तळव्यानं ठोकून काढून दाखवली, परत बसवून दाखवली. असे चाळीस कराल का, असं बाईंनी विचारलं.

पलंग काही होणार नाहीत, बायको म्हणाली. पण तुमच्या प्रत्येक पलंगाच्या पोटात एकेक लाकडी घोडी बसवता येईल. चार पाय, वर आडव्या फळ्या. त्या भुशाला स्क्रू धरत नाही, म्हणून त्याला हात लावायचा नाही. वजन सगळं घोडीनं पेलायचं, पलंगानं नुसतं वर दिसायचं.

"आणि इतकं लाकूड?"

बायकोनं खोलीभर हात फिरवला. भिंतीला, दाराआड, माळ्यावर, पलंगाखाली, सगळीकडे तिच्या पेन्सिलीनं लिहिलेला तोच एक शब्द होता. "इतकी वर्षं म्हणतेच आहे मी," ती म्हणाली. उरलेल्यासाठी गोदाम होतंच.

खिळे कोण उपटणार, असा प्रश्न त्यानंतर निघाला. बाई आणि बायको दोघींनी एकदमच आमच्याघरींकडे पाहिलं.

बाईंनी पाकीट पर्समध्ये ठेवलं. ते फाडून टाकलं तर बरं होईल, असं त्यानं दबकत सुचवलं.

"राहू दे," बाई म्हणाल्या. "लागेल."

पुढच्या रविवारपासून घरी रंगकाम निघालं, असं मालकाला कळवण्यात आलं. रविवारचा पलंग बाहेर कोपऱ्यावर ठेवला. तीन दिवस त्याला कुणी हात लावला नाही, भंगारवाल्यानंही उचलून बघितलं आणि खाली ठेवलं. चौथ्या दिवशी कचरागाडीनं नाइलाजानं नेला.

आमच्याघरी दर रविवारी वसतिगृहाच्या मागच्या अंगणात अंबूर घेऊन बसू लागले. पहिल्या दिवशी त्यांनी सात खिळ्यांची नुसती डोकी उपटली. बायकोनं ती डोकी त्यांच्या तळहातावर ठेवली. "डोकं नको हो, आख्खा खिळा काढा. शोरूममध्ये बसल्यासारखं वरवर काम नको." दुसऱ्या रविवारी त्यांनी अंगठ्यावर हातोडी मारून घेतली आणि नख काळं पडलं. तिसऱ्या रविवारी टाय काढून ठेवावा हे सुचलं. पाचव्या-सहाव्या रविवारपर्यंत फळी हातात घेतल्याबरोबर गाठ कुठं आहे, चिरेल कुठं, हे त्यांना कळू लागलं, आणि त्याबद्दल ते घरी जेवताना इतकं बोलू लागले, की मुलगी टेबलावरच्या 'आत काच आहे'वर बोट ठेवून त्यांना सावकाश जेवायला सांगायची.

आधी बसलेले अकरा पलंग झाले, मग उरलेले एकोणतीस. कुठल्याही मुलीला घोडी वरून दिसत नव्हती. वरून शोरूम, आतून गोदाम. फक्त पलंगाखाली गेलेली चप्पल काढायला कुणी वाकलं, की अंधारात जाड काळ्या अक्षरांत दिसायचं, 'सांभाळून हाताळा'. एक मुलगी ते वाचून बाईंकडे तक्रार घेऊन गेली, की माझ्या पलंगाखाली कुणीतरी माझ्याबद्दल लिहून ठेवलंय.

वर्ष गेलं तरी चाळीसातला एकही पलंग बसला नाही, हे मालकाच्या कानावर गेलं. आपला माल इतका टिकतो हे ऐकून तो स्वतःच थोडा गोंधळला, पण मालक असल्यामुळे लवकर सावरला. आता तो गिऱ्हाइकांना वसतिगृहाचं उदाहरण देतो. आमच्याघरीही तेच देतात, वसतिगृहात हेच आहे म्हणतात, आणि पुढं काही जोडत नाहीत. बाईंची पर्स त्यांच्या लक्षात असते.

परवा एक जोडपं आलं. नवऱ्यानं पलंगाच्या कडेवरून बोट फिरवलं, दोघांनी एकमेकांकडे बघितलं. आमच्याघरींनी वसतिगृहाचं सांगितलं. जोडप्यातल्या बाईनं ते सगळं ऐकून घेतलं आणि ती म्हणाली, ते राहू द्या, तुमच्या घरी कुठला आहे ते सांगा.

पलीकडे मालक कॅटलॉग चाळत बसला होता. आमच्याघरींनी इकडेतिकडे बघितलं. हातोडी खाल्लेला अंगठा मुठीत घेतला. आवाज खाली आणला नाही.

"आमच्या घरी 'नाजूक माल' आहे."

दोघांनी पुन्हा एकमेकांकडे बघितलं. "चांगला आहे?"

"तेरा-चौदा वर्षं झाली. करकरत नाही."

"मग तोच दाखवा ना," बाई म्हणाली.

मालकानं मान वर केली, चष्मा लावला आणि कॅटलॉग पुन्हा पहिल्या पानापासून चाळायला घेतला.